क्रँकशाफ्ट बारीक नव्हता

मंडळी, आज दुपारी सोनईला माझ्या जुन्या मित्राकडे, विठ्ठलकडे गेलो होतो. परत आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून तुम्हा इंजिनवेड्यांना लिहितोय.

बाहत्तर सालच्या सुमारास नगरला कॉलेजात असताना आम्ही दोघांनी मॉडेल विमानाची छोटी इंजिनं बनवली होती. पंखा फिरवणाऱ्या क्रँकशाफ्टसाठी लागणारं कठीण पोलाद विठ्ठलनेच पुण्याहून आणलं. जाडी मात्र ज्याने त्याने ठरवायची होती. वजन कमी व्हावं म्हणून मी माझा शाफ्ट थोडा बारीक ठेवला.

कॉलेजच्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर माझा शाफ्ट तुटला. विठ्ठलचं इंजिन छान चाललं.

"लई बारीक धरलास," तो तेव्हा म्हणाला. मला ते पटलं. नंतर मी इंजिन बनवायला कधी घेतलंच नाही.

आज त्याने कपाटातून आपलं इंजिन काढलं आणि हसतच म्हणाला, "खरं सांगू? चांगल्या पोलादाचा एकच तुकडा मिळाला हुता. तुला साधी सळई दिली. तू वळखलंच न्हाई!"

"मग माझ्या मापाला नावं का ठेवलीस?"

"दुसरं काय सांगायचं हुतं? जाऊ दे की, लई वर्सं झाली."

चहा तसाच ठेवून मी उठलो.

तुकडा त्याने स्वतःला ठेवला, ते एक वेळ समजू शकतो. पण आजवर चारचौघांत तो मला 'बारीक शाफ्टवाला' म्हणून चिडवायचा, आणि मीही त्याच्याबरोबर हसायचो.

तुम्ही पुन्हा त्याच्या घरी गेला असता का?