फटी बुजवलेली चूल

लग्नानंतरचे पहिले तीन महिने मी बायकोला दिवसातून दोनदा रडवत होतो, सकाळच्या स्वयंपाकाला आणि संध्याकाळच्या.

दोष माझ्या ज्ञानाचा. मी पाटसजवळच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन होतो. भट्टीला फट राहिली की उष्णता वाया जाते, हे तिथं अंगात भिनलं होतं. गॅसचा नंबर अजून लागायचा होता, म्हणून सुमनसाठी मी स्वतःच्या हातानं चूल बांधली. सगळ्या फटी मातीनं लिंपल्या, तोंडाला पत्र्याचं झाकण बसवलं आणि आत ठासून लाकडं भरायचा नियम घालून दिला. (कारखान्यात हवा द्यायला खोलीएवढा पंखा असतो, ही किरकोळ बाब माझ्या लक्षातून सुटली.)

चूल पेटायची कमी, धुमसायची जास्त. चहाला पाऊण तास लागे, पातेली डांबरासारखी काळी होत. सुमन डोळे पुसत भाकरी थापायची आणि मी विचारलं की "बरी हाय की चूल" म्हणायची. मी खूश!

अशातच एका रविवारी सासरे न कळवता शिरूरहून एसटीनं आले. दारात लेक उभी, डोळे लालभडक, पदर ओला. ते उंबऱ्याच्या आतसुद्धा आले नाहीत.

"बाई, पिशवी भर. आपुन घरी जाऊ."

माझं धाबं दणाणलं. मामा, तो धूर आहे हो, असं मी परोपरीनं सांगितलं. सुमननंही सांगितलं. पण लेकी सासरचं झाकून नेतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती गेली तर या दोन खोल्यांत मी एकटा काय करू? शेवटी म्हटलं, पुरावाच देतो, आणि त्यांना हाताला धरून आत आणलं. चुलीपुढं बसलो, झाकण उघडलं आणि फुंकणीनं छाती भरून फुंकलं.

तासभर कोंडलेल्या धुराला एकदम हवा मिळाली. भप्पकन जाळ बाहेर आला आणि माझी डावी भुवई व निम्मी मिशी घेऊन गेला!

सुमननं आधी माझ्या तोंडावर पाणी ओतलं. मग पत्रा काढून ठेवला, दोन लाकडं बाहेर ओढली, राख उकरली आणि उलथन्याच्या टोकानं लिंपलेल्या फटी मोकळ्या केल्या. दोन मिनिटांत पिवळाधमक जाळ, धुराचा पत्ता नाही. चहा उकळलासुद्धा.

"तुला हे येत व्हतं?" मी विचारलं.

"व्हय की."

"मग तीन महिने गप का?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं बांधल्याली," ती खाली बघत म्हणाली. "मोडू कशी?"

सासऱ्यांनी लेकीकडं बघितलं, मग माझ्या उरलेल्या मिशीकडं. चहा संपवला, टोपी सारखी केली आणि उठले.

"बाई, तू हितंच ऱ्हा. ह्यास्नी चुलीपाशी एकटं सोडू नगंस."

आणि बॉयलरचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर टांगणारा मी, ओल्या तोंडानं म्हणालो, "व्हय, मामा."