आत्तोबांची हाक

आमच्या आत्तोबांइतका, म्हणजे आत्याच्या नवऱ्याइतका, बडबड्या माणूस अख्ख्या कोल्हापुरात झाला नाही. आणि या शहरात हा मान मिळवणं सोपं नाही. तालमीच्या कट्ट्यावर बसून ते पैलवानांना डाव शिकवत. स्वतः जन्मात कधी लंगोट कसला नव्हता. दुसऱ्याला वाक्य पुरं करू देणं त्यांना कमीपणाचं वाटे. मग अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. उरला फक्त एक शब्द, ‘आयला’.

तेवढ्यावरही गडी मागे हटला नाही. बिनसाखरेचा चहा आला की कडवट ‘आयला’, टीव्हीवर कुस्ती रंगली की लांबलचक ‘आयला’. हातकणंगल्याचे एक पाहुणे पारव्याच्या रक्तानं मालिश करा म्हणून सांगायला आले आणि आत्तोबांच्या ‘आयला’ला होकार समजून पारवा शोधायलाही गेले. समाचाराला येणाऱ्यांना रोग्यापेक्षा आपली अक्कलच जास्त दाखवायची असते.

एकदा मात्र आत्तोबा न्हाणीत घसरून पडले. आतून ‘आयला, आयला’ ओरडत राहिले. आत्या घरामागच्या परड्यात धुणं वाळत घालत होती. तिला वाटलं, कुस्ती लागली असेल. त्या दिवसापासून तिनं कोपऱ्यावर भाजीला जाणंसुद्धा सोडलं. हाक मारता न येणाऱ्या माणसाला एकटं टाकून जायचं कसं?

मग बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी येऊ लागली. आत्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं, “यांचं नाव काय?” आत्तोबा चक्क लाजून खाली बघू लागले. मुलीचा चेहरा पडला. तिला वाटलं, बायकोची ओळखही पुसली गेली. आत्यानं तोंडाला पदर लावला.

“त्यांचं काय बी पुसलं न्हाय बाळ. चांगलं हुतं तवा तरी कुठं घेतलंय माझं नाव? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.”

जन्मभर ‘अगं ए’वर भागवलं होतं. पैलवानांच्या पिढ्या तोंडपाठ असलेल्या या माणसाला बायकोचं नाव उच्चारायचा सराव नव्हता, याचा मला अजूनही राग येतो. पण मुलगी चिवट निघाली. डाव्या हातानं मांडीवर शड्डू ठोकायला लावून तिनं ते नाव त्यांच्याकडून घोटून घेतलं. हौ, सा. हौ, सा.

आता दिवसभर गल्लीत ‘हौसा’ घुमत असतं. शेजारणी चिडवतात, आत्या लटकी रागावते. परवा मी तिथं असतानाच हाक आली. तव्यावरची भाकरी तशीच टाकून आत्या धावली.

“काय पायजे? पाणी? पाय दुखतोय व्हय?”

आत्तोबा नुसते तिच्याकडे बघत राहिले. हाक मारता येते. कशाला मारली, ते सांगता येत नाही. आत्यानं आणखी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं आणि पिठाच्या हातांनी त्यांच्या शेजारी टेकली. आत भाकरी करपायला लागली होती. मी जाऊन गॅस बंद केला.