ओळ सांगण्याचा मान

ड्यूई नेपियर पूर्व केंटकीच्या डोंगरात जन्मला, कोळशाच्या खाणीत दोन वर्षे राबला आणि बाहेर पडला तो गिटार घेऊनच. जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रावर तो पहाटे एका पिठाच्या कंपनीसाठी गाऊ लागला. पुढे चार तबकड्या निघाल्या. त्यांतली एक टेनेसीपर्यंत वाजली. पण पोट भरे ते शनिवारच्या नाचघरांवर, आणि तेच गावच्या बाप्टिस्ट मंडळीला खपले नाही. नाचासाठी वाद्य वाजवणाऱ्याला त्या मंडळीत जागा नव्हती. एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली सभासदांच्या यादीतून त्याचे नाव कमी झाले. ठराव मांडणारे धर्मसेवक हायरम स्लोन त्याचे सख्खे मामा होते.

सात वर्षांनी त्याची आई आर्मिल्डा गेली. जाताना एवढेच मागून गेली की, मंडळीच्या वार्षिक स्मरणसभेत तिच्या आवडत्या भजनाच्या ओळी ड्यूईने सांगाव्यात. त्या मंडळीत ना पेटी, ना गिटार. एकाने ओळ झपाट्याने सांगायची, मग साऱ्यांनी ती लांबवत, वळसे देत गायची. सांगण्याचा मान मात्र सभासदाचाच. आणि नाव परत चढायचे तर सर्वांसमोर उभे राहून माफी मागावी लागे.

सभेच्या आदल्या दिवशी बहीण ओमा शेंगा मोडता मोडता त्याला समजावीत होती. आईच्या शब्दापुढे त्याचा ताठा कसला, असे तिचे म्हणणे.

"दोन शब्द तोंडदेखले म्हण ना. रेडिओवर त्या पिठाची रोज एवढी तारीफ करतोस, ते घरात कधी आणलंस तरी का?"

ड्यूई हसला, पण हो म्हणाला नाही.

ऑगस्टमधल्या रविवारी टेकडीवरच्या थडग्यांपाशी, फळ्यांच्या बाकांवर माणसे जमली. ड्यूई उभा राहिला. दारूबद्दल त्याने माफी मागितली; बायकोला एकटी टाकून महिनोन्महिने हिंडल्याबद्दलही मागितली. मग थांबला.

"आणि गाण्यांचं काय?" मामांनी विचारले.

"त्यांचं वाईट वाटत नाही, मामा. आई रोज पहाटे रेडिओपाशी बसायची. आता वाईट वाटतं म्हणालो, तर तिच्या मातीवर उभं राहून खोटं बोलल्यासारखं होईल."

"मग मागे जाऊन बस."

तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. ओमाने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

ओळी मग मामांनीच सांगायला घेतल्या. पण पाठची बहीण गेलेली. सूर फार वर लागला. पहिली ओळ लोकांनी कशीबशी ओढून नेली. दुसरीला बायकांचे आवाज फाटले, पुरुष गप्प झाले आणि भजन तुटले. धर्मसेवकाचा सूर दुरुस्त करायला कोणी धजेना. मामा हातातली टोपी चुरगाळत उभे राहिले.

ड्यूईने नवी ओळ सांगितली नाही. सांगून झालेलीच ओळ तो बसल्या जागेवरून, बऱ्याच खालच्या सुरात गाऊ लागला. दुसरा आवाज ओमाचा आला. मग एकेक बाक मिळत गेले. मामा डोळे मिटून ऐकत होते. ओळ संपली तेव्हा पुढची त्यांनी त्याच सुरात सांगितली, आणि पाचही कडवी पुरी झाली.

जेवणाच्या वेळी मामा त्याच्याशेजारी येऊन बसले. मक्याचा पाव कुस्करीत म्हणाले,

"तू सभासद नाहीस. ते मी बदलणार नाही."

"ठाऊक आहे, मामा."

"पण पुढच्या वर्षी इतका मागे बसू नकोस. तिथनं आवाज यायला उशीर लागतो."

पुढे अकरा वर्षे, गळा साथ देईतो, ड्यूई शनिवारी नाचघरांत गात राहिला आणि दर ऑगस्टला तिसऱ्या बाकावर येऊन बसला.