फ्रीज बंद करा, स्पीकर लावतोय

१३ एप्रिल २००६. काम : लॉफ्टवरचे जुने स्पीकर संध्याकाळी पाचच्या आत कॉम्प्युटरला जोडणे. त्यासाठी मी ऑफिसातून रजा घेतली होती. माझ्या अंदाजाने काम अर्ध्या तासाचं होतं. उरलेल्या दिवसात मी पडदे धुणार होते.

पडदे त्या वर्षी दिवाळीत धुतले.

बदलापूर गावच्या रस्त्याला आमची चार मजली बिल्डिंग. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी कंपाउंडमध्ये मुलांचे नाच, गाणी, भाषणं असतात. आणि दरवर्षी सेक्रेटरी गायकवाडभाऊ त्यासाठी उल्हासनगरहून डीजे आणत. डीजे मुलांचं एक गाणं लावायचा आणि मग स्वतःच्या आवडीची पाच. मांडणीतली ताटं आपोआप खाली यायची. तासाभरात मुलं कडेला बसलेली असायची आणि मधोमध गायकवाडभाऊंचे मित्र नाचत असायचे.

त्या वर्षी मीटिंगमध्ये मी उभी राहिले. "डीजे नको. गाणी आमच्या कॉम्प्युटरवर आहेत, स्पीकर आमच्या घरात आहेत. मुलांचा कार्यक्रम मुलंच करतील."

"वाजतात का ते स्पीकर, वहिनी?"

"न वाजायला काय झालं?"

(ते स्पीकर टेपडेकचे होते. टेपडेक गेल्या जुलैत घरात पाणी शिरलं तेव्हा गेला. स्पीकर लॉफ्टवर होते म्हणून वाचले. तेव्हापासून ते मुके होते, पण हे मीटिंगमध्ये सांगायची काही गरज नव्हती.)

गायकवाडभाऊ शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मी डीजेला थांबवून ठेवतो. तेरा तारखेला पाच वाजेपर्यंत तुमचा आवाज माझ्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला तर तुमचं खरं. नाही आला तर मी फोन लावणार. आणि मग पुढच्या वर्षीपासून कार्यक्रमाचं कमिटी बघेल. मध्ये कुणी बोलायचं नाही."

'कुणी' म्हणताना ते फक्त माझ्याकडे बघत होते.

तर तेरा तारखेला सकाळी आमच्या मिस्टरांनी स्पीकर खाली काढले. लाकडी, चांगले वजनदार, मागे वायर धरणारे लाल आणि काळे चिमटे. मिस्टर अंबरनाथच्या एका कंपनीत खरेदी खात्यात आहेत, त्यामुळे वस्तू जोडण्यापेक्षा आणण्यात त्यांचा हात बसलेला. ते उल्हासनगरला जाऊन कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकात बसणारी पिन आणि गरजेच्या तिप्पट वायर घेऊन आले. पिनेला वायर पिळली, वायर चिमट्यात दाबली, सगळ्याला चिकटपट्टी गुंडाळली.

"लाव गं."

मी गाणं लावलं. काहीच नाही. आवाज पूर्ण वाढवला. मिस्टर स्पीकरला कान लावून बसले.

"येतोय."

"कुठे?"

"इकडे ये. आत आहे."

मी कान लावला. आत खरंच गाणं चालू होतं. एखादा डास खोक्यात अडकावा आणि त्याला ते गाणं पाठ असावं, इतपत.

मिस्टरांनी वर पंख्याकडे बघितलं आणि निदान केलं. "व्होल्टेज नाही."

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण त्या वर्षांत आमच्याकडे कशालाही हेच कारण असायचं. ट्यूब लुकलुकते, व्होल्टेज नाही. मिक्सरमध्ये चटणी जाडसर राहते, व्होल्टेज नाही. इडली फुगली नाही तरी आधी मीटरकडे बघायचे. मलाही ते शंभर टक्के पटलं. मी फ्रीजचा स्टॅबिलायझर काढून कॉम्प्युटरला लावला.

डास होता तिथेच.

"आपला फ्रीज बंद करून काय होणार? अख्ख्या बिल्डिंगचा लोड आहे," मिस्टर म्हणाले.

हे ते सहज बोलले होते. मी सहज घेतलं नाही. चपला घातल्या आणि पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली. "ताई, तासभर फ्रीज बंद ठेवा. पंखे पण. स्पीकर लावतोय." बायकांनी एका शब्दाने विचारलं नाही, कारण डीजेच्या वेळी पडलेली ताटं त्यांचीच होती. पहिल्या मजल्यावरच्या शीलाताईंनी तर इस्त्री अर्ध्यावर सोडली आणि एका बाजूला चुरगळलेला सदरा नवऱ्याच्या हातात देऊन त्या माझ्याबरोबर निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर ताक घुसळणं थांबलं. चौथ्या मजल्यावर एक आजोबा पंख्याखाली झोपले होते, त्यांना शीलाताईंनी पुठ्ठा दिला. तिसऱ्या मजल्यावर मी गेले नाही. शत्रूकडे मदत मागायची नसते, निदान दुपारी दोन वाजता तरी.

एप्रिलची दुपार. अख्खी बिल्डिंग घाम पुसत आमच्या हॉलमध्ये जमली. मी गाणं लावलं. सगळ्यांनी श्वास रोखला.

"जरा फरक पडलाय," शीलाताई म्हणाल्या.

"पडलाय ना?"

"मघाशी मी ऐकलंच नव्हतं. पण पडला असेल."

पाण्याचा पंप राहिला होता. तोही बंद केला. साडेतीनला वरून लोकांच्या हाका सुरू झाल्या, नळाला पाणी का नाही म्हणून. चौथ्या मजल्यावरचे आजोबा पुठ्ठा घेऊन खाली आले आणि म्हणाले, "पोरी, डीजे परवडला. तो निदान पंखा चालू देत होता."

तेवढ्यात गायकवाडभाऊ दारात. नवा मोबाइल हातात. "काय वहिनी, आज एकदम शांत शांत?"

"ट्रायल चालू आहे."

"हो का? मला वाटलं मौन पाळताय." घड्याळ बघून ते वर गेले.

आणि साडेचारला लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ रोजचीच होती, ती मी हिशेबात कशी धरली नाही हे आजही कळत नाही. कॉम्प्युटरचा यूपीएस पीं पीं करायला लागला. आता व्होल्टेज कमी आहे म्हणायचीही सोय राहिली नाही. मिस्टर म्हणाले, "जाऊ दे गं. डीजे तर डीजे." बायका एकेक करून उठायला लागल्या.

त्याच वेळी गेटातून रिक्षा आत आली. आमच्या समोरच्या दारातला संतोष. रिक्षा नवी, पोराचा गाण्याचा शौक मोठा. आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या, टीपॉयवरचा ग्लास दोन बोटं सरकला.

मी ग्लासकडे बघितलं. मग पंख्याकडे. पंखा बंद. गल्लीत कुठे दिवा नाही. मग याला कोण व्होल्टेज देतंय?

धावत बाहेर गेले. "संतोष, सीटखाली काय आहे?"

तो घाबरला. "काही नाही वहिनी. ॲम्प्लिफायर आहे. आवाज कमी करू का?"

"अजिबात करू नका. टेपमधून गाणं थेट स्पीकरला जात नाही?"

"नाही. टेपचा आवाज बारीक असतो. हा मोठा करून पुढे ढकलतो."

आमच्या टेपडेकमध्ये हा ढकलणारा होता. तो पुरात गेला. आणि मी दुपारभर बिल्डिंगचे फ्रीज बंद करत फिरत होते.

"रिक्षा मागे घ्या."

"किती?"

"आमच्या खिडकीला लागेपर्यंत."

"अजून घेतली तर किचनमध्ये येईल, वहिनी."

आम्ही तळमजल्याला असल्याचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला. रिक्षातले स्पीकर सोडवले, त्या वायरी ग्रिलमधून आमच्या खोक्यांना लावल्या. रिक्षाच्या टेपची लाल-पांढरी वायर उपसून मिस्टरांनी कॉम्प्युटरची पिन ॲम्प्लिफायरला जोडली. संतोष म्हणाला, "इंजिन चालू ठेवतो." मी म्हटलं, "बंद करा, घरात धूर येतो."

सगळं जोडून झालं आणि यूपीएसने शेवटचा पीं करून मान टाकली. कॉम्प्युटर बंद. पाचला पंधरा मिनिटं.

बिल्डिंगमध्ये इन्व्हर्टर एकाच घरी होता. तिसऱ्या मजल्यावर.

मी जिन्याने गेले नाही, तेवढा वेळ नव्हता. कंपाउंडमध्ये उभी राहून हाक मारली. "भाऊ, इन्व्हर्टरवरची वायर खाली सोडता का?"

गायकवाडभाऊ गॅलरीत आले. खालची रिक्षा, तिच्या पोटातून आमच्या खिडकीत गेलेल्या वायरी, पदर खोचलेल्या सगळ्या बायका, हे त्यांनी नीट पाहिलं. "म्हणजे माझ्याच करंटवर मला हरवणार?"

"हो."

ते आत गेले. मला वाटलं, संपलं. पण वरून एक्स्टेन्शन बोर्ड हळूहळू खाली उतरला. त्या माणसाशी माझे पुढेही पुष्कळ वाद झाले, पण त्या बोर्डानंतर मी त्यांच्या घरचा चहा कधी नाकारला नाही.

कॉम्प्युटर चालू व्हायला त्या काळी जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. मी गाणं लावलं.

ढोलकीची पहिली थाप पडली आणि पाण्याच्या टाकीवरची सगळी कबुतरं एकदम उडाली. मिस्टर सवयीने स्पीकरला कान लावून बसले होते, ते मागच्या मागे सोफ्यावर गेले. मुलं जिन्यावरून ओरडत खाली आली. कोणीतरी नाचायला सुरुवातही केली. मी वर बघत होते.

गायकवाडभाऊ पुन्हा गॅलरीत आले. घड्याळ बघितलं. मोबाइल खिशात ठेवला. मग दोन्ही हातांचा कर्णा करून म्हणाले, "वहिनी, जरा कमी करा. आई झोपलीय."

इतकं गोड वाक्य मला लग्नातही कोणी ऐकवलं नव्हतं.

कार्यक्रम झकास झाला. मुलांचं प्रत्येक गाणं पूर्ण वाजलं, एकाही घरातलं ताट पडलं नाही. मीही भाषण केलं. माईक नव्हता, पण मला लागत नाही. शेवटी गायकवाडभाऊंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पुढच्या वर्षीपासून कार्यक्रमाचं वहिनीच बघतील." मी संकोचाने मान खाली घातली. (घातली असावी. शीलाताई म्हणतात, नाही घातली.)

दुसऱ्या दिवशी, चौदा एप्रिलला, सकाळी सातला मी पांढरी कोरी साडी नेसून बाहेर आले. संतोष म्हाताऱ्या बायकांना घेऊन विहारात जाणार होता. गायकवाडभाऊंच्या आईंसह तिघी रिक्षात बसलेल्या. संतोष चावी फिरवत होता. रिक्षा खुसखुस करायची आणि गप्प व्हायची.

"बॅटरी उतरली वहिनी. रात्रभर इंजिन बंद ठेवून वाजवलं ना."

वरून गायकवाडभाऊ आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्यांनी बाह्या वर केल्या आणि रिक्षाच्या मागे डावीकडे हात लावला. उजवीकडची जागा त्यांनी माझ्यासाठी सोडली होती. मी पदर खोचला. आईंनी आतून वळून बघितलं आणि मला म्हणाल्या, "काल तू किती छान बोललीस गं. थांबू नको, ढकल."

आम्ही ढकलत गेटाबाहेर आलो. रस्त्यावरचे लोक जयभीम घालत होते, मी कोपराने उत्तर देत होते.

"पुढच्या वर्षीचं काय ठरवलंय, वहिनी?" भाऊंनी धापा टाकत विचारलं.

"पुढच्या वर्षी रिक्षा नको," मी म्हटलं, "टेम्पो बघते. ढकलायला अख्खी कमिटी लागेल."