अळीला आईचं नाव

अंटार्क्टिकाचा समुद्र माझ्यापर्यंत येतो तो बाटल्यांतून. जहाजावर मी एकदाच गेले आणि सगळा वेळ ओकत होते, तेव्हा मला कुणी शूर वगैरे समजू नये. माझं काम किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत: तळाचा गाळ चाळायचा, त्यातले कृमी वेचायचे, मायक्रोस्कोपखाली त्यांच्या अंगावरचे केस मोजायचे. नखाएवढ्या एका कृमीचे केस कुठल्याच जुन्या वर्णनाशी जुळेनात. दोन वर्षं डोळे फोडले, तेव्हा कुठे खात्री झाली की ही जात नवीन आहे. नाव मी द्यायचं होतं.

स्वतःचं नाव द्यायची पद्धत नाही. मला आईचं द्यायचं होतं. जवळा बाजारजवळच्या आमच्या शेतात कापूस वेचून तिची बोटं फाटली, तेव्हा मी शिकले. हे तिला तोंडानं सांगायला मला कधी जमलं नाही. भांडायला मात्र बराबर जमतं.

दिवाळीला घरी गेले आणि जेवताना सांगून टाकलं.

"अळीला? माझं नाव?" आईचा घास हातातच राहिला. "बोंडअळीनं आवंदा अर्धा कापूस खाल्ला, अन् तू माझं नाव अळीला देऊन राहिलीस? काहून, दुसरं कोनी घावलं न्हाई?"

"ती कापूस खात नाही. बर्फाखालच्या समुद्रात राहते."

"कुठं का राहीना, अळीच न्हवं?"

"माझं दे," वडील म्हणाले, "मला काय तकलीफ न्हाई."

मला असा राग आला! जेवण अर्धवट टाकून उठले.

सकाळी लसूण सोलता सोलता तिनंच विषय काढला. "ते नाव मंग कोनी बदलतं का?"

"छापलं की संपलं. उद्या कुणी म्हणालं, ही या कुळातली नाही, त्या कुळातली, तर कुळाचं नाव बदलतं. तिचं स्वतःचं तेच राहतं."

"दुसऱ्या घरात गेली तरी?"

"तरी."

तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. मग म्हणाली, "तर माझं आधीचं लाव."

आधीचं? मला हे ठाऊकच नव्हतं. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहिलं, तेच पुढे रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर चढलं. जुनं नाव घेणारं माहेरातही आता कुणी उरलं नव्हतं. तिनं ते हळूच सांगितलं, आणि एवढी वर्षं आपण विचारलंही नाही म्हणून मला स्वतःचीच लाज वाटली.

उन्हाळ्यात शोधनिबंध छापून आला. सुट्टीत घरी मोबाईलवर तो उघडला आणि शेवटी जोडलेली लॅटिनची शेपटी वगळून आईचं ते आधीचं नाव वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

आतून आईनं "ओ" दिली, आणि पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली, कुणी हाक मारली ते बघायला.