चार बोटं खाली

इस्लामपूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी वर्कशॉपचा इन्स्ट्रक्टर आहे. पोरं दरवर्षी स्पर्धेसाठी एकट्यानं बसायची छोटी रेसगाडी बनवतात. आराखडा त्यांचा, पण ड्रायव्हरला सीटला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या जागा मी स्वतः पक्क्या करतो. दोन पट्टे खांद्यांवरून मागं जातात आणि एका आडव्या नळीला अडकतात. ती नळी साधारण खांद्यांच्या पातळीत हवी. खाली असली तर धडकेत पट्टे माणसाला धरतात खरे, पण खांदे खाली दाबतात आणि सगळा भार मणक्यावर येतो. हे मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवायचो.

त्या वर्षीचा ड्रायव्हर साताऱ्याकडचा, उंच. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यालाही फौजेतच जायचं होतं. मापाच्या दिवशी तो गावी गेलेला. समोर दिसला त्या पोराला मी सीटवर बसवलं, खडूनं खूण केली आणि नळी जोडून टाकली.

खंडेनवमीला सकाळी वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा झाली. ग्राइंडरला, वेल्डिंग मशीनला झेंडूचे हार. प्राचार्यांनी नारळ फोडला. दुपारी मैदानावर पहिली चाचणी. ड्रायव्हर आत बसला, पट्टे आवळले.

"सर, लय आवळलंय. बैल जुंपल्यागत वाटतंय."

"बैल बरा, एवढी बडबड तरी करत न्हाई," सुरक्षेचं काम बघणारी मुलगी म्हणाली. मग गाडीमागं जाऊन वाकली आणि हळूच मला म्हणाली, "सर, नळी चार बोटं खाली हाय. पट्टे खाली वढतायत."

मी पाहिलं. होती.

"पूजेतली हत्यारं आज उचलत नाहीत. उद्या बघू."

"आवं सर, हार काढला की झालं. तासाभराचं काम."

"एकच चक्कर आहे. सावकाश मारेल."

मी काही एवढा देवभोळा नाही. प्राचार्यांसमोर चुकलेलं माप कबूल करायचं नव्हतं, एवढंच. रिवाज हाताशी होता, वापरला.

दुसऱ्या वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ कडेच्या मातीच्या बांधावर गेली. वेग फार नव्हता. पोरगं आपलं आपण उतरलं, हसलं, मग पाठीला हात लावून खाली बसलं. सांगलीच्या दवाखान्यात एक मणका दबल्याचं निघालं. काही महिन्यांत तो हिंडाफिरायला लागला, पण फौजेच्या वैद्यकीय तपासणीत त्याच मणक्यावर नापास झाला.

त्याच दसऱ्याच्या सुट्टीत मी एकटाच वर्कशॉपमध्ये गेलो. नळी कापली, वर जोडली, रंग मारला. चौकशीत लिहून दिलं की ड्रायव्हरनं वळणावर वेग कमी केला नाही. ती मुलगी तिथंच होती, माझ्याकडं बघत राहिली. तिची तोंडी परीक्षा माझ्याकडं होती. ते मी बोलून दाखवलं नाही, दाखवावं लागलं नाही.

याला सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात साताऱ्यात एका लग्नात त्याचे वडील भेटले. माझ्याच शेजारी जेवायला बसले.

"तुमचा काय दोष, सर? आमचंच पोरगं आगाव. अजून बोलतो मी त्याला, हातानं घालवलंस म्हणून. ताटावर बसलं तरी विषय निघतोच."

मी घास ताटात ठेवला. म्हणालो, "वेग फार नव्हताच. त्याचा मणका पट्ट्यांमुळं दबला. पट्ट्यांचं माप मी चुकवलं होतं."

ते पाणी प्यायले. "तुमाला कवा कळलं?"

"गाडी सुटायच्या आधी."

"त्याला ठावं हाय?"

"नाही."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढं धरला.

"मला सांगून काय उपेग? सात वर्षं मी त्याला बोललोय. तुमीच सांगा."

"हां, आबा?" पलीकडून आवाज आला.

"आबा नाही. वर्कशॉपचा सर बोलतोय."

"सर? तुमी? आबा बरं हायत न्हवं?"

बरे आहेत म्हटलं, आणि सांगायला लागलो.