पाठमोऱ्या माणसावरचा घाव

फोन आला तेव्हा मी पोरीच्या डोक्याला तेल लावत होते. तिकडून जेलचे साहेब म्हणाले, तुमचे दत्ता गेले, कावीळ होती, दवाखान्यातून घेऊन जा... आणि मी काय विचारलं? "मग केसचं काय, साहेब?" महिना होऊन गेला, अजून कळत नाही असं कसं तोंडातून गेलं.

आमचे हे येरवड्यात नाक्यावर शहाळी विकायचे. शहाळं सोलायला लागले की कोयता थांबायचाच नाही, फिरवत फिरवत घालतच राहायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो पुरे, पाणी प्यायचंय, त्याचा जीव नाही घ्यायचा!" हे हसायचे, "हात एकदा चालला की चालला, साहेब."

त्या दुपारी मी पोरीला घेऊन गाडीपाशी बसले होते, तान्ही होती ती. गल्लीतलाच एक दादा हप्ता मागायला आला. हे नाही म्हणाले तर त्यानं सुरा काढून सरळ माझ्या मांडीवरच्या पोरीच्या गळ्याला लावला, मला ओरडताही येईना... ह्यांनी त्याच्या हातावर कोयता घातला. सुरा खाली पडला. तो पाठ फिरवून पळाला, आणि हे कोयता घेऊन मागं. कोपऱ्यावर गाठला. तिथंच मेला तो.

पोलीस आले तर सासूबाई पुढं होऊन सांगतायत, "पळत होता मेला, पण माझ्या लेकानं सोडला नाही! मागनं घातला!" त्यांना वाटलं शाबासकी मिळेल. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. वकील नंतर म्हणाले, "आजी, हार-नारळ पण मागायचा होता."

मला त्यांनी समजावलं, "पोरीच्या गळ्याला सुरा होता तेव्हा तो मेला असता तर आपण लढलो असतो. सुरा पडला, पाठ फिरली, तिथं हक्क संपला."

"अहो, पण परत आला असता तर?"

"परत आल्यावर मारायचं, ताई. आधी नाही."

पाच वर्षं केस चालली, जेलात भेटीला गेले की हे जाळीपलीकडून एकच विचारायचे, "मी खुनी का गं?" मी म्हणायचे, जज सांगतील, थांबा जरा... आता वकील म्हणतात, आरोपी गेला, केस बंद. सुटलेही नाहीत, शिक्षाही नाही. मोठी झाल्यावर पोरगी विचारेल तेव्हा मी काय सांगू? सासूबाई अजून म्हणतात, "मी काय खोटं बोलले का?"

त्या मेलेल्याचा भाऊ रोज आमच्या दाराकडं बघत जातो. हे घरी आले की कडी वाजवायच्या आधी बाहेरूनच म्हणायचे, "मीच आहे, भिऊ नको." एवढं ऐकलं की मी दार उघडायचे. काल कुणी काही बोललंच नाही, नुसतं दार ढकललं. मी वरवंटा उचलला. पोरगी होती, नळावरून आलेली. माझा हात बघून तिनं किंचाळून पाठ फिरवली आणि पळाली, आणि मी तिला धरायला मागं धावले, वरवंटा तसाच हातात. नळावरच्या बाया ओरडल्या, "अगं बाई, हातातलं टाक आधी!"

टाकला. ह्यांना त्या दुपारी असं कुणीच ओरडलं नव्हतं. मी पण नाही.